कडू हात

१

जेन्शियानची मुळं खणणाऱ्या माणसाचा हात कडू असतो. धुतला तरी कडू, राखेने घासला तरी कडू. तो कडूपणा पावाला लागतो, चमच्याच्या दांड्याला लागतो, उशीच्या अभ्र्यालासुद्धा लागतो. झेलीचं लग्न झालं तेव्हा नवऱ्याने तिचा चेहरा ओंजळीत धरून मुका घेतला, आणि ती चर्चच्या पायरीवरच थुंकली. उर्बां ही गोष्ट भेटेल त्याला सांगायचा. "माझ्या बायकोने थुंकून संसार मांडला," म्हणायचा, "पुढचं तुम्हीच समजा."

दर उन्हाळ्यात ती दोघं सेझालियेच्या पठारावर चढायची. खालच्या गावात घर होतं, पण कडू दारूसाठी जिची मुळं विकली जातात ती जेन्शियान काही गावात येत नाही. तिला उंची लागते, वारा लागतो, उघडं आभाळ लागतं. पठारावर एक जुनं दगडी खोपटं होतं, निम्मं डोंगराच्या कुशीत गाडलेलं. पूर्वी गुराखी तिथे चीज करत. आता छपराचे दगड घसरले होते आणि चुलीच्या वर आभाळाचा एक तुकडा दिसायचा. तिथे गवताच्या गादीवर ती दोघं झोपायची, सकाळी सूप गरम करायची आणि कामाला लागायची.

काम दोघांचं मिळून एक होतं. उर्बांकडे 'सैतानाचा काटा' होता. लोखंडाचे दोन लांब दाते आणि वर माणसापेक्षा उंच दांडा. रोपाच्या बुडाशी काटा रोवायचा, आडव्या पट्टीवर दोन्ही पायांनी उभं राहून तो आत दाबायचा, मग दांड्याला लोंबकळून सगळं अंग मागे टाकायचं. धप्, धप्, आणि मग जमिनीतून फाटल्यासारखा आवाज, कर्र. त्याच्या पाठोपाठ उर्बांच्या घशातून एक 'हँ' निघायचा. दंडाएवढं जाड, पिवळट मूळ वर यायचं. झेली ते उपटायची, माती झटकायची, पानं छाटायची आणि खड्ड्यावर गवताचा थर परत बसवून पायाने दाबायची. दिवसभर तिच्या कानात तोच ताल असायचा. धप्, धप्, कर्र, हँ. चर्चची घंटा कमी-जास्त होईल, उर्बांचा ताल चुकायचा नाही.

त्या दोघांना मूल नव्हतं. जवळचं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं. लढाईत उर्बां जर्मनांच्या कैदेत गेला आणि झेलीने नुसती वाट बघितली. तो परतला त्या दिवशी स्टेशनवर त्याची सख्खी मावशी त्याच्या शेजारून निघून गेली, तिला ओळखू आला नाही. दात पडलेले, केस पांढरे, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी कोट. झेली फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होती, तो पाठमोरा होता, तरी ती धावत सुटली. आपलं माणूस ओळखायला तिला चेहरा लागत नसे.

त्या उन्हाळ्यात तिच्या मनाने जे काही घेतलं, त्याला वेडेपणा म्हणून बाजूला सारणं तिला जमलं नाही, ते यामुळे.

२

जुलै संपत आला होता. जेन्शियान भर फुलात होती. सरळ सोट दांडे, आणि त्यांवर मजल्यामजल्याने बसलेले पिवळेजर्द झुबके. गाईंनी आजूबाजूचं गवत चाटूनपुसून खाल्लेलं, ही कडू झाडं तेवढी ताठ उभी.

दुपारचं जेवण झाल्यावर उर्बां म्हणाला, "दलदलीच्या पलीकडे, त्या उंचवट्याच्या खाली एक तुकडा बघितलाय काल. छातीएवढी वाढलीत झाडं. कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"का नसेल लावला?"

"कारण सगळे माझ्यासारखे हुशार नसतात."

"हुशार माणसा, धुकं येईल. वारा पडलाय बघ."

"आलं तर आलं. मला काय धुकं खाणार आहे? एवढा कडू माणूस!" त्याने काटा खांद्यावर टाकला आणि जाता जाता तिच्या नाकाला बोट लावलं. ती हात झटकून ओरडली, आणि तो हसत उतरणीला लागला.

ती दाराशी बसून मुळं साफ करू लागली. थोड्या वेळाने दलदलीपलीकडून आवाज सुरू झाला. धप्, धप्, कर्र. एवढ्या लांबून 'हँ' ऐकू येत नव्हता, पण तो तिच्या डोक्यात आपोआप उमटायचा. मग धुकं आलं. पठारावर ते चढत नाही, ते एकदम असतं. पुढ्यातली टोपली दिसायची, टोपलीपलीकडे काही नाही.

धप्. धप्.

ती कर्रची वाट बघत राहिली. हातातलं मूळ तसंच राहिलं, सुरी तशीच राहिली. कर्र आलाच नाही.

आधी तिने हाका मारल्या. मग पत्र्याचं घमेलं आणि पळी घेऊन बडवत सुटली. दलदलीच्या काठापर्यंत गेली, पाय गुडघ्यापर्यंत आत गेला तशी मागे फिरली. तिथून पुन्हा हाका. पुन्हा घमेलं. घसा बसला. दोन्ही हात भरून आले. संध्याकाळ व्हायला आली तशी ती दारात बसकण मारून रडायला लागली. एकदा वाट बघून झाली होती तिची. दुसऱ्यांदा तेवढी ताकद आपल्यात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"अगं, किती बडवतेस! सगळ्या गाई बहिऱ्या होतील."

तो खोपटाच्या कोपऱ्यावरून वळून आला. रिकाम्या हाताने.

ती त्याच्या अंगावर धावून गेली. छातीवर गुद्दे मारले, शिव्या दिल्या, शर्टात तोंड खुपसलं. त्याने तिला थोपटलं. काटा जमिनीत रुतून बसला, निघेचना, म्हणून तिथेच सोडला, म्हणाला. धुक्यात वाट चुकली, मोठा वळसा पडला.

मग त्याने चूल पेटवली, सूप ढवळलं आणि पावाचा मोठा तुकडा मोडून तिला स्वतःच्या हाताने भरवायला घेतला. तिला भूक लागली होती. तिने अर्धा संपवला आणि थांबली.

पाव पावासारखा लागत होता. राय धान्याचा काळा आंबूस पाव, वर जराशी गोडी. लहानपणी आईच्या घरी लागायचा तसा.

३

सकाळी ऊन पडलं आणि झेलीची बुद्धी जागेवर आली. दलदलीचं काळं पाणी. त्या पाण्यात हात धुतला असेल. ते पाणी कातडंसुद्धा कमावतं म्हणतात, कडूपणाचं काय घेऊन बसलात! तिने स्वतःची चांगली हजेरी घेतली. धडधाकट नवरा परत आलाय आणि तू त्याच्या हातची चव काढत बसलीस?

काटा नव्हता म्हणून उर्बां तिच्याबरोबर मुळं साफ करायला बसला. कालची रास मोठी होती. सकाळभर दोघं समोरासमोर होती. तो शीळ घालत होता, टेकाडापलीकडच्या गास्पारच्या म्हाताऱ्या कुत्र्याची नक्कल करत होता. ती हसलीसुद्धा. त्याच्या हातांवर मुळांचा पिवळट रस वाळून पापुद्रे धरत होता.

दुपारी ती म्हणाली, "बघू हात. कुसळ गेलंय वाटतं."

"कुठे?"

"बघू तर."

तिने त्याचं बोट धरलं आणि कुसळ दाताने काढायच्या मिषाने तोंडात घातलं. काहीच लागलं नाही. नदीतला गोटा तोंडात धरावा तसं. तिने लगेच स्वतःचं बोट चाखलं, तर जीभ आवळून आली, डोळ्यांत पाणी आलं.

"भूक लागली का माझ्या बाईला?" तो हसला. मांडीवरच्या मुळाची एक चकती कापून त्याने सहज तोंडात टाकली. गाजर खावं तशी कुडुमकुडुम चावली आणि गिळली.

झेलीने सुरी खाली ठेवली. "मी दूध घेऊन येते गास्पारकडून."

"आज कशाला? उद्या जा."

"आजच."

तो उठून उभा राहिला. ती टेकाड चढून मागे वळून बघेपर्यंत तो तसाच उभा होता, आणि तिच्याकडे बघत होता.

४

गास्पार हा पठारावरचा गुराखी. आयुष्यभर गाई राखून त्याची मानही गाईसारखी पुढे झुकली होती. त्याच्या खोपटात चिजाचा आंबट वास भरलेला असायचा. तो दह्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होता.

"या, राणीसाहेब. नवऱ्याने हाकललं की तुम्ही त्याला?"

"काका, एक विचारू? माणसाच्या हाताचा कडूपणा जातो का? एका दिवसात?"

गास्पारने तिच्याकडे बघितलं आणि खदखदून हसला. "पोरी, जगातल्या बायका रडतात की नवरा घाणेरड्या हाताने घरात येतो. तुझा हात धुऊन येतो म्हणून तू डोंगर चढून सांगायला आलीस? जा, मेणबत्ती लाव मरियामातेला!"

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. गास्पारने हात बाहेर काढून फडक्याला पुसले.

"काय झालंय? भांडलात?"

"नाही. काल धुक्यात चुकला होता. तेव्हापासून... काही नाही. जरा वेगळा वाटतो."

"कैदेतून आला तेव्हाही वेगळा होता. महिनाभर टेबलाखाली पाव लपवायचा, तूच सांगितलं होतंस. भ्यायलेला माणूस असाच असतो. खाऊपिऊ घाल." त्याने तिची बरणी भरली. "आणि त्याला म्हणावं, एवढा मरमर मरू नको. सकाळपासून ऐकतोय मी. श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही पठ्ठ्या."

"काय ऐकताय?"

"ठोके गं. दलदलीकडून येतायत. धप् धप्. त्याचाच हात आहे तो, मी काय ओळखत नाही?"

झेलीच्या हातातली बरणी कलंडली. दूध दगडावरून वाहत गेलं आणि कुत्रा ते चाटायला आला.

"काका," ती म्हणाली, "तो सकाळपासून माझ्यासमोर बसलाय."

गास्पारने कुत्र्याला पायाने बाजूला सारलं. मग त्याने बरणी उचलून पुन्हा भरली. "मग वारा असेल," म्हणाला. आणि जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "झेली, उद्या मुळं न्यायला रेमोंची लॉरी येतेय ना? तुम्ही दोघं तिच्यातून खाली जा. मुळं काय, पुढच्या वर्षीही असतील."

"तुम्ही माझ्याबरोबर चला. फक्त दलदलीपलीकडे."

"गाई तिकडे जात नाहीत," गास्पार म्हणाला. "मीही जात नाही. का, ते विचारू नको. मला खरंच ठाऊक नाही."

५

परत येताना टेकाडावर वारा पडला आणि तिलाही ऐकू आलं. धप्, धप्. मध्ये थांबा. पुन्हा धप्, धप्. कर्र नव्हता.

खोपटाच्या दाराशी उर्बां पाठमोरा बसला होता. सुरी चालत होती. ठोका आला की सुरी थांबायची. ठोका संपला की चालू व्हायची. झेली मागे उभी राहून बघत राहिली. त्या पाठीकडे बघून तिला काहीच वाटेना. शर्टाचं ठिगळ तिने स्वतः लावलेलं होतं. मानेवरचा जुना व्रण तोच होता. डोळ्यांना कुठेही खोट दिसत नव्हती, आणि पाय मात्र पुढे पडत नव्हते.

"ऐकू येतंय का तुला?" तिने विचारलं.

"काय?"

"ठोके."

"नाही." सुरी थांबली. धप्, धप्. सुरी चालू झाली. "मला नाही काही ऐकू येत."

"चल, काटा घेऊन येऊ."

"राहू दे तो काटा. उद्या खाली जाऊ. दुसरा घेऊ." तो वळला. त्याचे डोळे भरले होते. "झेली, नको जाऊस तिकडे. मी आलोय ना परत?"

तिने भिंतीला टेकवलेली छोटी कुदळ उचलली आणि चालू लागली. तो मागून हाका मारत राहिला. उठून मात्र आला नाही.

धुकं पुन्हा उतरत होतं. या वेळी ती दलदलीला वळसा घालून गेली, काठाच्या दगडांवरून. उंचवट्याखाली तो तुकडा होता. उर्बांने सांगितला होता तसाच. छातीएवढी जेन्शियान, इतकी दाट की मधून वाट काढायला हातांनी बाजूला करावी लागे. हे रोप पहिल्यांदा फुलायला दहादहा वर्षं घेतं. इथलं एकेक तिच्या आजीच्या वयाचं असेल. पिवळे झुबके धुक्यात दिव्यांसारखे टांगलेले. एक माशी नव्हती, एक मुंगी नव्हती.

आणि कुठे एक खड्डा नव्हता. तिने खूप शोधलं. खणणाऱ्याच्या बायकोचे डोळे होते ते, हललेला गवताचा थर तिला झोपेतही दिसला असता. इथली जमीन कुणी कधी उकरलेलीच नव्हती. काटा नव्हता. पावलाचा ठसा नव्हता.

धप्.

ती जागच्या जागी खिळली. आवाज पुढून नव्हता, मागून नव्हता. तळपायांना कळला होता तो.

धप्.

तिच्या पुढ्यात, दोन रोपांच्या मध्ये, गवत जरासं वर उचललं गेलं आणि खाली बसलं.

६

पुढे किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नाही. ती गुडघ्यांवर पडून खणत होती. कुदळीचा दांडा सुटला तशी नुसत्या पात्याने, मग हातांनी. "आले, आले मी," म्हणत होती, "उर्बां, आले." खाली मुळंच मुळं होती, एकमेकांत घट्ट विणलेली, दंडासारखी, मांडीसारखी. ती नखांनी तोडत होती, दातांनी तोडत होती. कडू रस नाकातोंडात गेला होता. प्रत्येक धप् जवळ येत होता. त्यापाठोपाठ आता 'हँ'सुद्धा येत होता. दबलेला, दमलेला, मातीने भरलेल्या घशातून आल्यासारखा. पण तोच.

"झेली."

तो मागे उभा होता, फुलांच्या काठाशी. आत यायला घाबरत होता.

"ये इकडे," ती किंचाळली. "मदत कर मला! तुझे हात मोठे आहेत!"

"कुणाला काढतेयस तू?"

"तुला!"

"मी इथे आहे." त्याचा आवाज फुटला. "झेली, मी इथे आहे गं. कालपासून ऐकतोय मी ते. काल धुक्यात माझ्या पायांखाली सुरू झालं, माझ्याच तालात. मी टाकला काटा आणि पळत सुटलो. तुला सांगितलं नाही, तू घाबरशील म्हणून. तोंडाची चव गेलीय माझ्या. सूप गार की गरम ते कळत नाही. मला भीती वाटते. ते जे काही आहे ना, ते मी नाही. त्याला वर यायचंय. तू काढू नकोस त्याला."

झेलीचे हात थांबले.

असंही असू शकतं. हे तिला सुचलंच नव्हतं. हा उभा आहे तोच उर्बां, भ्यायलेला, आजारलेला. आणि खाली जे आहे त्याने त्याचा ताल उचललाय, त्याचा हँ उचललाय. कैदेतून आला तेव्हाही हा असाच उभा राहायचा, खांदे पाडून. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला रडू कोसळलं. काही केल्या ठरेना. फलाटाच्या या टोकावरून ओळखणारी ती, आणि आता चार हातांवर उभ्या माणसाची तिला खूण पटेना.

मग तिच्या गुडघ्यांसमोर माती फुटली. लोखंडाची दोन टोकं वर आली, खालून वर, आणि अडकली. त्यांच्या शेजारून बोटं आली. मातीने काळी, नखं मोडलेली. ती चाचपडत होती, अंध माणसासारखी.

तिने ती धरली. विचार केला नाही, धरली. तोंडाला लावली. कडू होती. कडूजहर होती. पण तिचं तोंड कडू होतं, तिचे स्वतःचे हात कडू होते, ती सगळी मातीच कडू होती. त्या चवीवरून आता काही म्हणता येत नव्हतं.

बोटांनी तिचं मनगट पकडलं आणि ओढलं. ती खांद्यापर्यंत आत गेली. गाल मुळांवर आपटला. त्याच क्षणी मागून दोन हात तिच्या कमरेभोवती आवळले गेले. तो आत आला होता. "सोड त्याला," तो तिच्या कानात रडत होता. "सोड, झेली, तुला आत नेईल ते!"

खालचा ओढत होता. वरचा ओढत होता. तिच्या बरगड्यांत कळ उठली आणि ती किंचाळली.

तेव्हा खालची बोटं सैल झाली.

ती निसटली नव्हती. त्यांनी सोडलं होतं. अंगठा तिच्या मनगटावरून एकदा फिरला, हळूच, जखमेवरून फिरवावा तसा. मग पंजा उघडला, तिच्या तळहाताला टेकला, आणि त्याने तिला वर ढकललं.

ती मागे पडली, त्याच्या अंगावर. लोखंडी टोकं खाली गेली. माती बसत गेली.

पुन्हा ठोका आला नाही.

७

रेमोंची लॉरी सकाळी आली. गास्पार टेकाडावर उभा राहून बघत होता, जवळ मात्र आला नाही. उर्बांनेच पोती चढवली. झेलीच्या हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तिला काही धरता येत नव्हतं. तो तिला उचलूनच पुढच्या बाकावर घेऊन बसला.

खाली उतरणारा रस्ता वाईट होता. रेमों एका हाताने चाक फिरवत होता, दुसऱ्या हातात सिगरेट. दोन्ही बाजूंना जेन्शियान उभी होती, उन्हात चकाकत.

झेलीला आता रडू येत नव्हतं. डोकं विलक्षण स्वच्छ झालं होतं. तिची बुद्धी हळूहळू, एकेक पाऊल टाकत चालली होती, थांबवलं तरी थांबत नव्हती. ज्याला वर यायचंय तो हातात आलेला हात सोडत नाही. आपण किंचाळलो म्हणून तर मुळीच नाही. आपल्याला लागतंय हे कळल्यावर जो सोडतो, तो कोण असतो?

आणि सोडलं नाही ते कुणी?

कालपासून तो हात तिच्या कमरेभोवती होता. फुलांतून तिला ओढत आणली तेव्हा होता. गवताच्या गादीवर होता. सकाळी पोती चढवण्यापुरता निघाला, आणि त्या वेळी तिचे पाय दलदलीकडे वळले, तर तिसऱ्या पावलाला परत आला. आताही होता.

"परत फिरव," ती म्हणाली. "रेमों, गाडी परत फिरव. माझं तिथे राहिलंय."

"काय राहिलं, वहिनी?"

"तिला ताप आहे," उर्बां म्हणाला. "चालू दे."

"रेमों, ऐक माझं. मी पाया पडते तुझ्या, फिरव."

रेमोंने मान वळवून दोघांकडे बघितलं. बाईचा चेहरा पांढराफटक, नवरा तिला छातीशी धरून बसलेला, तिच्या केसांवर हनुवटी टेकवलेली. तो ओशाळं हसला. "काही म्हणा, एवढ्या वर्षांनी असं धरून बसणारा नवरा मी नाही बघितला. आमची ही बघेल तर मला घरात घेणार नाही."

उर्बांही हसला. अगदी त्याचंच हसू.

गाव दिसू लागलं. छपरं, चर्चचा मनोरा, नदीची रेघ. झेलीने चिंध्या बांधलेल्या हातांनी कमरेवरची बोटं उकलायचा प्रयत्न केला. एकही हललं नाही.

"सोड मला," ती अगदी हळू म्हणाली. "तुला हवं होतं ते मिळालं. वर आलास. आता सोड."

त्याने तिच्या कानाशी तोंड आणलं. श्वासाला कसलाही वास नव्हता.

"मी कुठे माझ्या एकट्यासाठी वर आलोय? तुझ्यासाठी आलोय," तो मायेने म्हणाला, आणि मिठी जराशी आवळली.